डी व्हॅलेरांवर आरोप करा, पण खरे करा

एमन डी व्हॅलेरा या आयरिश नेत्याबद्दलचा एक लांबलचक मेसेज मराठी ग्रुपांवर सतत फिरत असतो. त्याचा सारांश असा: १९१६ च्या डब्लिनच्या बंडातल्या सगळ्या नेत्यांना गोळ्या घातल्या गेल्या, डी व्हॅलेरा तेवढा अमेरिकन नागरिकत्वामुळे वाचला. पुढे त्याने स्वातंत्र्ययुद्धातला आपला सहकारी सेनानी मायकेल कॉलिन्स याला मुद्दाम लंडनला वाटाघाटींना पाठवलं, देशाच्या फाळणीचं खापर त्याच्यावर फोडलं आणि मग त्याचा काटा काढला. हिटलर मेल्यावर हा जर्मन राजदूताकडे सांत्वनाला गेला, कारण आतून तो नाझीच होता. सुभाषबाबूंच्या आझाद हिंद सरकारला मान्यता देणाराही तोच. आणि शेवटी तात्पर्य: लढले एक, खुर्चीवर बसले दुसरे.

आयर्लंडच्या लढ्याशी आपलं नातं जुनं आहे. टिळकांनी बेळगावात होमरूल लीग स्थापन केली ती एप्रिल १९१६ मध्ये, डब्लिन पेटलं त्याच महिन्यात. ज्या लढ्याकडे बघून आपल्याकडच्या दोन पिढ्यांनी धीर धरला, त्याचा इतिहास असा वाकवलेला मला बघवत नाही. म्हणून एकेक दावा घेतो.

पहिला, अमेरिकन नागरिकत्वाचा. डी व्हॅलेरांचा जन्म न्यूयॉर्कचा, १८८२ चा, हे खरं. वडील स्पॅनिश वंशाचे, आई लिमरिक परगण्यातली. अडीच वर्षांचे असताना मामाबरोबर आयर्लंडला आले आणि आजोळी ब्रुरी गावात वाढले. बंडाच्या वेळी ते गणिताचे मास्तर होते आणि बोलंड्स बेकरीच्या परिसरातल्या तुकडीचे कमांडंट. पकडले गेल्यावर त्यांच्या पत्नी शिनेड अमेरिकन वकिलातीत गेल्या, वकिलातीने चौकशीही केली. पण त्याने जीव वाचला, असं म्हणणाऱ्याने बंडाचे दुसरे नेते टॉम क्लार्क यांचं काय झालं ते आधी सांगावं. क्लार्क रीतसर अमेरिकन नागरिक होते, तिथे राहून त्यांनी नागरिकत्व घेतलं होतं. त्यांना ३ मे १९१६ रोजी, अगदी पहिल्या तिघांत, किलमेनम तुरुंगात गोळ्या घातल्या.

आता उलट बाजूचं उदाहरण, याच बंडातल्या दुसऱ्या एका बंडखोराचं. थॉमस अ‍ॅशचा अमेरिकन नागरिकत्वाशी काहीही संबंध नव्हता. अ‍ॅशबोर्नला त्याच्या तुकडीने पोलिसांचा सडकून पराभव केला होता, त्यात पोलीस मारलेही गेले होते. म्हणजे इंग्रजांच्या नजरेत त्याचा गुन्हा डी व्हॅलेरांपेक्षा जडच. त्याचा लष्करी खटला ८ मे रोजी चालला, त्याच दिवशी डी व्हॅलेरांचाही. दोघांना मृत्युदंड झाला आणि दोघांचाही बदलून जन्मठेप झाली. एकाच दिवसाच्या दोन आरोपींना एकच निकाल लागत असेल, तर त्याचं कारण एकाच्या जन्मगावात शोधून कसं चालेल?

कारण तारखेत आहे. ३ मेपासून वरचेवर सकाळी बातमी यायची, आज आणखी इतके. आधी बंडखोरांवर चिडलेलं डब्लिन हळूहळू सरकारवर चिडू लागलं. लंडनहून पंतप्रधान अ‍ॅस्क्विथ यांनी बंड मोडायला नेमलेल्या जनरल मॅक्सवेलवर दबाव आणला की आता पुरे, फक्त मुख्य सूत्रधार घ्या. ८ मेनंतर कॉर्कमध्ये टॉमस केंट आणि १२ मे रोजी डब्लिनमध्ये बंडाचे नेते कॉनली आणि मॅकडरमॉट, एवढेच गोळीला बळी पडले. सुमारे नव्वद जणांना मृत्युदंड सुनावला गेला होता, त्यातल्या पंधरा जणांवर तो अमलात आला. सरकारी वकील विल्यम वायली यांची आठवण नोंदलेली आहे. मॅक्सवेलने विचारलं, हा डी व्हॅलेरा कोण, महत्त्वाचा आहे का, पुढे त्रास देईल का? वायली म्हणाले, शाळामास्तर आहे, तेवढा महत्त्वाचा वाटत नाही. खुद्द डी व्हॅलेरांनीही म्हातारपणी लिहून ठेवलं की अमेरिकेतला जन्म मला वाचवू शकला नसता.

दुसरा दावा लंडनचा आणि फाळणीचा. यात दोन गोष्टींची गल्लत आहे. कॉलिन्सने ब्रिटनशी झालेल्या करारावर सही केली ६ डिसेंबर १९२१ च्या पहाटे. आयर्लंडची फाळणी मात्र त्याआधीच होऊन गेली होती. ब्रिटिश संसदेने १९२० मध्ये कायदा केला, मे १९२१ मध्ये तो लागू झाला आणि २२ जूनला पंचम जॉर्ज स्वतः बेलफास्टला येऊन उत्तरेच्या संसदेचं उद्घाटन करून गेले. ब्रिटिश आणि आयरिश यांच्यातली शस्त्रसंधी ११ जुलैची. कॉलिन्स वाटाघाटींना बसला तेव्हा सहा परगण्यांचं वेगळं सरकार कारभार करत होतं. ज्या करारावरून पुढे आयरिशांतच यादवी पेटली, त्या करारावरच्या चर्चेत फाळणीवर फारसं कोणी बोललं नाही. भांडण होतं राजाशी निष्ठेच्या शपथेवर. डी व्हॅलेरांनी कराराला पर्याय म्हणून जो ‘दस्तऐवज क्रमांक दोन’ मांडला, त्यातली उत्तरेबद्दलची कलमं जवळपास मूळ करारातलीच होती. त्याआधी ऑगस्टमध्ये डॉलच्या, म्हणजे आयरिश लोकसभेच्या, खासगी बैठकीत ते म्हणाले होते की प्रजासत्ताक मान्य झालं तर एखाद्या परगण्याला मतदानाने बाहेर राहायची मुभा द्यायला माझी तयारी आहे. तेव्हा फाळणी कॉलिन्सने केली हे जितकं खोटं, तितकंच ती डी व्हॅलेरांनी त्याच्या माथी मारली हेही.

ते स्वतः लंडनला का गेले नाहीत, हा प्रश्न मात्र रास्त आहे, आणि माझ्या मते तिथे ते चुकले. जुलैमध्ये ब्रिटिश पंतप्रधान लॉइड जॉर्जना चार वेळा भेटून आलेला माणूस ऑक्टोबरात घरी बसतो, मंत्रिमंडळात मतं समसमान झाल्यावर स्वतःच्या मताने स्वतःला घरी ठेवतो, हे समजायला कठीण जातं. तेव्हा राष्ट्राध्यक्ष तेच होते, आणि त्यांचं म्हणणं होतं की राष्ट्राध्यक्षाने मागे राहावं, म्हणजे शिष्टमंडळाला ‘डब्लिनला विचारावं लागेल’ म्हणून वेळ मागता येईल. शिष्टमंडळाचे प्रमुख आर्थर ग्रिफिथ होते, हेही मेसेज लिहिणारा विसरतो. डावपेच फसला. ग्रिफिथ-कॉलिन्सनी डब्लिनला फोनसुद्धा न करता सही केली. यातून ‘मुद्दाम बळीचा बकरा केला’ हे सिद्ध होत नाही, नेतृत्वाची घोडचूक मात्र दिसते. मनातला हेतू कागदावर नसताना तो ठामपणे सांगणं हा इतिहास नव्हे.

तिसरा दावा खुनाचा. एका गाजलेल्या चित्रपटाने ही शंका जगभर पेरली. २२ ऑगस्ट १९२२ रोजी पश्चिम कॉर्कमध्ये बेल ना ब्लाह इथे कॉलिन्स गोळी लागून पडला. डी व्हॅलेरा त्या सुमारास त्या भागात होते, हे खरं, आणि दावा एवढ्याच गोष्टीवर उभा आहे. पण तेव्हा करारविरोधी फौजेची सूत्रं लिअम लिंचच्या हातात होती. डी व्हॅलेरांना तिथे कोणी हुकूम मागत नव्हतं, त्यांनी दिला असता तर ऐकलंही नसतं. लढाई थांबवायच्या त्यांच्या खटपटीला त्यांच्याच बाजूचे सेनानी दाद देत नव्हते. त्या दिवशी घडलं ते असं: सकाळी कॉलिन्सचा ताफा त्या तिठ्यावर रस्ता विचारायला थांबला, तिथल्या टेहळ्याने त्याला ओळखलं, आणि परतीच्या वाटेवर स्थानिक तुकडी दबा धरून बसली. संध्याकाळपर्यंत कोणी आलं नाही म्हणून बहुतेक जण निघूनही गेले होते, मोजके मागे उरले होते. गोळीबार सुरू होताच बरोबरचा एमेट डाल्टन ओरडला की गाडी सुसाट काढा. कॉलिन्सने थांबून लढायचा हुकूम सोडला. त्या झटापटीत त्याच्या बाजूचा तो एकटाच मेला. दुरून कोणी रचलेला कट असा दिसत नाही.

आणि हे दोघे जन्माचे वैरी नव्हते. फेब्रुवारी १९१९ मध्ये इंग्लंडमधल्या लिंकन तुरुंगातून डी व्हॅलेरा पळाले, तेव्हा फाटकाबाहेर उभा होता कॉलिन्सच. तुरुंगातल्या प्रार्थनामंदिरात पाद्र्याच्या हाताखाली काम करताना डी व्हॅलेरांनी मेणबत्तीच्या मेणात किल्लीचा ठसा घेतला, तिचं चित्र नाताळच्या शुभेच्छापत्रावर काढून बाहेर गेलं, आणि किल्ल्या केकमध्ये भरून आत आल्या. ऐन वेळी कॉलिन्सने बाहेरून घातलेली किल्ली कुलपातच मोडली. डी व्हॅलेरांनी आतून आपली किल्ली घालून तो तुकडा बाहेर ढकलला आणि दार उघडलं.

चौथा दावा हिटलरचा. २ मे १९४५ रोजी डी व्हॅलेरा जर्मन राजदूत एडुआर्ड हेम्पेल यांच्याकडे दुखवट्याला गेले, ही गोष्ट खरी आहे आणि ती लाजिरवाणी आहे. बर्गन-बेल्सनची छावणी उघडी पडून दोन आठवडे झाले होते. ‘मला राजशिष्टाचार पाळायचा होता’ हे उत्तर त्या प्रेतांच्या राशींपुढे फार तोकडं पडतं. मी त्याचं समर्थन करणार नाही. पण त्यावरून ‘आतून नाझी’ ठरवायचं, तर आधीची सहा वर्षं पुसून टाकावी लागतील. तीन आठवड्यांपूर्वी रुझवेल्ट वारले तेव्हाही ते अमेरिकन राजदूताकडे गेले होते, डॉलचं कामकाजही तहकूब झालं होतं. १९४० मध्ये हॉलंड-बेल्जियमवर जर्मनीने हल्ला केला तेव्हा त्यांनी जाहीर भाषणात निषेध केला. १९४१ मध्ये बेलफास्टवर बॉम्ब पडले तेव्हा सीमेपलीकडे आगीचे बंब पाठवले. आयर्लंडमध्ये उतरलेल्या जर्मन वैमानिकांना युद्ध संपेपर्यंत अटकेत ठेवलं, दोस्तांचे बरेचसे वैमानिक मात्र गुपचूप उत्तरेकडे पोचवले. नॉर्मंडीच्या चढाईची तारीख ठरवताना दोस्तांच्या सेनापतींनी ज्या हवामान नोंदींवर भिस्त ठेवली, त्यात मेयो किनाऱ्यावरच्या ब्लॅकसॉडची आयरिश नोंद होती. १९३७ च्या त्यांच्या राज्यघटनेने ज्यू समाजाचा नाव घेऊन उल्लेख केला, तोही युरोपात ज्यूंना हुसकावलं जात असताना. दोष द्यायचा तर इथे द्या: त्यांच्या सरकारने ज्यू निर्वासित फारच थोडे घेतले. मेसेजमध्ये त्याबद्दल अक्षर नाही.

आझाद हिंद सरकारच्या मान्यतेबद्दल फार लिहायला नको. मान्यता देणारी राष्ट्रं जपान, जर्मनी आणि त्यांच्या गोटातली होती. आयर्लंड तटस्थ होतं, त्या यादीत ते नाही. सुभाषबाबू १९३६ मध्ये डब्लिनला गेले, डी व्हॅलेरांना भेटले, ते खरंच आहे. त्याहून आधी, २८ फेब्रुवारी १९२० रोजी न्यूयॉर्कमध्ये भारतीय क्रांतिकारकांच्या सभेत डी व्हॅलेरांनी तुमचं-आमचं कार्य एकच असल्याचं जाहीर केलं होतं. एवढं खरं हाताशी असताना खोट्या मान्यतेची भर कशाला?

राहिलं तात्पर्य, ‘लढले एक, खुर्चीवर दुसरे’. कॉलिन्स अर्थमंत्री होता, खासदार होता, राष्ट्रीय कर्जरोखे त्यानेच उभे केले. डी व्हॅलेरा १९१६ ला बंदूक घेऊन लढाईच्या आघाडीवर होते. मग यात लढवय्या कोण आणि पुढारी कोण? डी व्हॅलेरांची कारकीर्द मला मोठी वाटते ती १९३२ नंतरची. निवडणूक जिंकून आलेल्या त्यांच्या काही खासदारांच्या खिशात त्या दिवशी पिस्तुलं होती, कारण यादवी जिंकलेले सत्ता सोडतील याची खात्री नव्हती. तोवर सत्तेत असलेल्या करारवाद्यांचे नेते कॉसग्रेव्ह यांनी ती मुकाट्याने सोडली. त्यानंतर सहा वर्षांत शपथ गेली, गव्हर्नर-जनरलचं पद गेलं, नवी घटना आली आणि ब्रिटिशांच्या ताब्यातली तीन बंदरं परत मिळाली, एकही गोळी न झाडता. ‘हा करार म्हणजे स्वातंत्र्य मिळवायचं स्वातंत्र्य’ असं कॉलिन्स म्हणायचा. ते खरं करून दाखवलं ते कराराला सर्वांत मोठा विरोध करणाऱ्यानेच.

आरोप करायचेच तर खरे हे आहेत. याच डी व्हॅलेरांनी मार्च १९२२ मध्ये भाषण केलं होतं की स्वातंत्र्यासाठी कदाचित आपल्याच सरकारातल्या मंत्र्यांच्या रक्तातून वाट काढावी लागेल. त्या वाक्याचा जाब त्यांना इतिहासात द्यावाच लागेल. जी शपथ नको म्हणून माणसं मेली, तिच्याच नोंदवहीत १९२७ मध्ये त्यांनी बायबल बाजूला सारून, ‘ही नुसती औपचारिकता’ म्हणत सही केली. पाच वर्षं आधी तसं म्हटलं असतं तर? सामान्य लोकांच्या पैशातून उभ्या राहिलेल्या ‘आयरिश प्रेस’ या वृत्तपत्राची सूत्रं त्यांच्या कुटुंबाकडे राहिली, आणि खासदार नोएल ब्राऊन यांनी ते प्रकरण डॉलमध्ये काढलं तेव्हा समाधानकारक उत्तर मिळालं नाही. १९५० च्या दशकात चार लाखांवर माणसं देश सोडून गेली, त्यातली बरीच वर्षं पंतप्रधान तेच होते. त्यांच्या घटनेतलं ४१ वं कलम बाईचं स्थान घरात असल्याचं सांगतं. ते बदलण्यासाठी मार्च २०२४ मध्ये सार्वमत घेतलं गेलं, दुरुस्ती फेटाळली गेली, आणि कलम अजून तसंच आहे.