धोंडा परत लोटला का कुणी?

आज सकाळच्या उपासनेला मोजून 19 माणसं. गेल्या रविवारी इस्टरला, येशू मेलेल्यांतून उठला त्या सणाला, बाहेर मांडव टाकला होता, खुर्च्या पुरल्या नाहीत, पहाटे मेणबत्त्या घेऊन कब्रस्तानात जाऊन आलेले लोक, नवे कपडे, सेल्फी, आणि "प्रभू उठला आहे" म्हटल्यावर "खरोखर उठला आहे" असा काय आवाज घुमला होता! आणि गेटवर हात मिळवताना एकजण हसून म्हणाला, चला, आता डायरेक्ट नाताळला भेटू. आठवडाभर बोचतंय ते.

माझी आजी नगरकडच्या खेड्यातली. अक्षरओळख नाही पण गीतं सगळी पाठ. भर श्रावणात बाजरी खुरपताना इस्टरचं गीत म्हणायची. शेजारची एकदा म्हणाली, अगं इस्टर होऊन किती दिस झालं, आता काय हे? आजीनं खुरपं पण थांबवलं नाही. म्हणाली, "का? धोंडा परत लोटला का कुणी?" म्हणजे येशूच्या कबरीच्या तोंडावरून बाजूला लोटलेला तो धोंडा.

मलाही हेच विचारायचंय. लेंटचे, म्हणजे इस्टरआधीच्या उपवासकाळाचे, 40 दिवस कडक पाळतो, मटण नाही, लग्नकार्य नाही, उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, 12 ते 3 बसून येशूचे क्रुसावरचे साती उद्गार ऐकतो. मग इस्टरपासून पेंटेकॉस्टपर्यंतचे, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणापर्यंतचे, 50 दिवस जातात कुठे? दुःखाला 40 दिवस आणि आनंदाला एक सकाळ?

आज वाचन येशूचा शिष्य थोमा याचं होतं, बायबलमधलं योहान 20. उठलेला प्रभू शिष्यांना भेटला त्या पहिल्या रविवारी तो नव्हता, आठ दिवसांनी होता, आणि प्रभू त्याच्यासाठी पुन्हा आला. आपण ज्याला संशयी संशयी म्हणतो तो निदान आला तरी, आपण तर पहिल्या रविवारी हजर आणि आठ दिवसांनी गायब!

बरं, मान्य, कुणाची शिफ्ट असते, पोरांचे क्लास असतात. पण आजीला कुठे सुट्टी होती?

ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग, भजनं लिहिली ती आपल्या माणसांनी आपल्या चालीत म्हणावीत म्हणून. आजी ती ओसरीवर ऐकून ऐकूनच शिकली. आणि आमच्या घरातली संध्याकाळची प्रार्थना? ती कधी बंद पडली मलाच सांगता येणार नाही. ठरवून कुणी बंद केली नाही, आधी पप्पांची सेकंड शिफ्ट, मग टीव्ही, मग मोबाईल. मी कुणाला काय बोलणार.

आजोबा गेले तेव्हा तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आजीनं तेच इस्टरचं गीत धरलं होतं. आवाज फुटत होता, तरी शेवटच्या कडव्यापर्यंत म्हणाली. मी लहान, मला वाटलं आजीला रडू कसं येत नाही. आज त्या 19 जणांत पेटीवर तेच गीत निघालं आणि मला दुसऱ्या कडव्यापुढे म्हणताच येईना.

माळ्यावरून तिची झांज काढलीय, चिंचेनं घासून ठेवलीय. मंगळवारी संध्याकाळी 7 वाजता आमच्याकडे या. तीन-चार गीतं, एक स्तोत्र, प्रार्थना, चहा. गेटवर नाताळचं बोलला होता त्यालाही आत्ता फोन केला. बघतो म्हणाला.