हत्याकांडं ‘रचली’ म्हणे!

ऑस्ट्रेलियाच्या इतिहासावर वाद पेटला की एक दावा हमखास फिरतो: ऑस्ट्रेलियन इतिहासकार हेन्री रेनॉल्ड्स यांनी गोऱ्यांची मान खाली घालायला आदिवासींच्या कत्तली फुगवल्या आणि जमिनीचं भांडणही त्यांनीच उकरून काढलं. अशा लेखनाला ‘काळ्या फितीचा इतिहास’ (दंडावर शोकाची काळी फीत बांधून लिहिलेला) म्हणण्याची सुरुवात १९९३ मध्ये जेफ्री ब्लेनी या इतिहासकाराने केली.

आधी आकडा. गोऱ्यांच्या वाढत्या वसाहतींच्या सीमेवर सुमारे २०,००० आदिवासी मारले गेले असावेत, असं रेनॉल्ड्स म्हणाले. हा अंदाज आहे, हेही त्यांनी लपवलं नाही. शिवाय त्याच हिशेबात दोन-अडीच हजार गोरेही धरले. एकतर्फी लिहिणारा दुसऱ्या बाजूचे मृत कशाला मोजेल? पुढे इतिहासकार लिंडल रायन यांनी ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल विद्यापीठात हत्याकांडांचा नकाशा तयार केला. एका वेळी सहा किंवा जास्त माणसं मारली गेली, तेवढ्याच घटना त्यात घेतल्या, तरी आदिवासी मृतांची बेरीज १०,००० वर गेली. एकटादुकटा मारला गेलेला त्यात नाहीच.

गोऱ्यांची बदनामी म्हणाल, तर न्यू साउथ वेल्समधल्या मायल क्रीकचं प्रकरण वाचा. जून १८३८ मध्ये तिथे किमान २८ आदिवासींना, त्यात बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारे, दोराने एकत्र बांधून नेलं, मारलं आणि प्रेतं जाळली. न्यायालयात साक्ष कोणी दिली? जॉर्ज अँडरसन या गोऱ्या कैदी नोकराने. पहिल्या खटल्यात आरोपी सुटले, दुसऱ्यात सात गोऱ्यांना फाशी झाली. अन्यायाविरुद्ध बोललेल्या अशा गोऱ्यांवर रेनॉल्ड्स यांनी आख्खं पुस्तक लिहिलंय. टीका करणारे त्याचं नावही काढत नाहीत, याचा मला खरोखर राग येतो.

राहिली जमीन. टाउन्सविलच्या विद्यापीठात रेनॉल्ड्स शिकवायचे आणि एडी कोइकी माबो तिथे माळीकाम करायचे. दुपारच्या डब्याच्या वेळी गप्पा व्हायच्या. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या टॉरेस सामुद्रधुनीतल्या मेर या आपल्या बेटावरच्या जमिनीबद्दल, कुणाची हद्द कुठे याबद्दल कोइकी भरभरून सांगायचे. कायद्याच्या लेखी ती जमीन सरकारची आहे, हे रेनॉल्ड्स आणि त्यांचे सहकारी नोएल लूस यांनी सांगितलं तेव्हा त्यांचा विश्वासच बसेना. आपल्याकडे सातबाऱ्यावर दुसऱ्याचंच नाव निघालं की जे होतं, तेच. मेरच्या हद्दी काही प्राध्यापकाने आखल्या नव्हत्या, पिढ्यान्‌पिढ्या त्या चालत आल्या होत्या. १९८२ मध्ये कोइकी आणि मेरचे आणखी काही जण कोर्टात गेले. ३ जून १९९२ रोजी हायकोर्टाने, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या सर्वोच्च न्यायालयाने, सहा विरुद्ध एक मतांनी मेरच्या लोकांच्या बाजूने निकाल दिला. तो ऐकायला कोइकी नव्हते. जानेवारीतच ते गेले होते.