कोरा आणि ‘71 पिढ्या’: थोडा खुलासा

‘मालीतले ग्रियो 71 पिढ्यांपासून कोरा वाजवतात’ असा मजकूर फिरतोय. (ग्रियो म्हणजे पश्चिम आफ्रिकेतले परंपरागत गायक-वादक, कोरा हे त्यांचं एक तारवाद्य.) कोरावादक तुमानी जाबाते यांच्या परिचयात हा आकडा नेहमी येई, तिथूनच तो उचललेला दिसतो. पण साधा हिशेब करा. पिढीला 25 वर्षं धरली तरी 1,775 वर्षं होतात. सुंजाता या राजाने स्थापलेलं माली साम्राज्य 13व्या शतकातलं. कोऱ्याचा लेखी उल्लेख तर स्कॉटिश प्रवासी मंगो पार्कच्या 1799च्या प्रवासवर्णनात सापडतो, आणि तिथे तारा 18 आहेत. घराण्याची वंशावळ आणि वाद्याचं वय यांची इथे सरमिसळ झाली आहे. प्रवासी इब्न बतूताने 1352मध्ये माली दरबारात पाहिलं तेही कोरा नव्हे, तर भोपळे लावलेलं बालाफोन (पट्ट्यांवर काठ्या मारून वाजवायचं वाद्य).

‘प्रत्येक ग्रियो कोरा वाजवतो’ हेही खरं नाही. मांदिंका लोक त्यांना जाली म्हणतात (ग्रियो हा फ्रेंचांनी रूढ केलेला शब्द). कुणी बालाफोन वाजवतो, कुणी न्गोनी हे दुसरं तारवाद्य. बरेचजण फक्त गातात.

आणि कोऱ्याला ‘आफ्रिकन सतार’ म्हणू नका. त्याला पडदे नाहीत. अर्ध्या भोपळ्यावर गाईचं कातडं, 21 तारा: डावीकडे 11, उजवीकडे 10. वाजवतात ते अंगठ्यांनी आणि तर्जन्यांनी. उरलेली बोटं दोन दांड्या धरतात. तारा धातूच्या नव्हेत, पूर्वी चामड्याच्या, आता मासेमारीच्या नायलॉनच्या. जुन्या घडणीत खुंट्याही नसतात. मधल्या लांब दांड्यावरची, तार बांधलेली चामड्याची कडी पिळत सरकवून सूर लावतात.