‘घरच्यांनाच तर सांगितलं ना!’

आज दुपारी राजेंद्रनगरातल्या ओळखीच्या एका मुलीने तिच्या काउन्सेलिंग सेंटरच्या फॉर्मचा फोटो दाखवला आणि तेव्हापासून डोकं तापलंय. (तिला विचारूनच लिहितेय.) चार पानं, बारीक इंग्रजी, झेरॉक्सची झेरॉक्स, तिसऱ्या पानाच्या उजवीकडची अक्षरं अर्धी कापलेली. सही चौथ्या पानावर. काउंटरवर हातात पेन दिलं, ‘इथे करा’ म्हणाले, तिने केली. कोणी वाचून दाखवलं नाही, प्रत दिली नाही.

पंधरा दिवसांनी तिच्या आईने सेंटरला फोन केला, तर रिसेप्शनवरून सांगून मोकळे, की ती नोकरी सोडायचं म्हणतेय आणि लग्नाला तयार नाही. मुलगी २२ वर्षांची आहे! जाब विचारला तर उत्तर काय, ‘घरच्यांनाच तर सांगितलं ना, बाहेर कुठे सांगितलं?’

अहो, घरच्यांपासून लपवायचं म्हणूनच तर माणूस तिथे येतो. त्यातून आपली इंदूरची मराठी घरं. राजेंद्रनगरात दुपारी बोललेलं संध्याकाळी रामबागेत पोचतं.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा आहे, लागू होऊनही २०१८ पासून इतकी वर्षं झाली. त्याचं कलम २३ म्हणतं की गोपनीयता हा उपचार घेणाऱ्याचा हक्क आहे. अपवाद आहेत, मान्य. जिवाला धोका असेल, दुसऱ्या कोणाला इजा होणार असेल, कोर्टाचा आदेश असेल. लहान मुलावरचा लैंगिक अत्याचार तर पॉक्सोखाली कळवावाच लागतो. आणि हो, आईला कायद्याने प्रतिनिधी (उपचाराच्या निर्णयांत मुलीला मदत करणारी) मानलं, तरी तिला त्या कामापुरतीच माहिती द्यायची असते. लग्नाला नकार यातल्या कशात बसतो?

मुळात रिसेप्शनला हे कळलंच कसं? वही एकच. वेळ, फी आणि सेशनमधलं बोलणं, सगळं एकाच रजिस्टरमध्ये, आणि ते काउंटरवर उघडं. काउंटरच्या वहीत नाव, वेळ, पैसे, बस. सेशनच्या नोंदी वेगळ्या, कुलपात, किल्ली थेरपिस्टकडे. याला खर्च एका कपाटाचा.

दुसरी गळती मोबाइल नंबरची. फी आईच्या फोनवरून यूपीआयने गेली, म्हणून फॉर्मवरही आईचाच नंबर पडला आणि व्हॉट्सॲपवर ‘आपल्या काउन्सेलिंगची आठवण’ आईला जायला लागली. आईने फोन केला तो त्यामुळे. पैसे कोणी भरले आणि निरोप कोणाला जायचा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, वेगळेच विचारायला हवेत.

त्यात तापाने फणफणली म्हणून सकाळी कळवलं, तरी अख्ख्या सेशनचे पैसे कापले. २४ तास आधी कळवायची अट होती म्हणे, त्याच कापलेल्या तिसऱ्या पानावर. थेरपिस्टचा तास वाया जातो, त्यालाही भाडं भरायचं असतं, ठीक आहे. पण मग अट पहिल्या भेटीत तोंडी सांगा. सेशन ४५ मिनिटांचं की ५०, फी किती, रद्द केलं तर काय, नोंदी कोण बघणार: दहा मिनिटांत होतं हे सांगून. आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असाल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक भिंतीवर लावा, विचारायची वेळ आणू नका.

आईवर मात्र मला रागावता येत नाहीये. ती घाबरली होती. मुलगी जेवत नव्हती, रात्रभर जागी असायची. सेंटरने तिला फोनवर एवढंच सांगायला हवं होतं की ‘काकू, मी काही सांगू शकत नाही, पण तुम्हाला काय दिसतंय ते मला सांगा.’ थेरपिस्टने ऐकून घ्यायला कोणतीच बंदी नाही, आणि मग मुलीला विचारून तिघांना एकत्र बसता आलं असतं. आता मुलगी आईशीही बोलत नाही, सेंटरलाही जात नाही.

संध्याकाळी तिने अर्ज लिहिला. त्याच कायद्याच्या कलम २५ खाली आपल्या उपचाराच्या मूलभूत नोंदी मागता येतात. तारीख घातली, दोन प्रती केल्या, एकीवर पोच घ्यायची. सहीखाली सवयीने आईचाच नंबर लिहिला होता. मग तो खोडून स्वतःचा लिहिला.