आईचं व्याज आणि माझं व्याज

२०२३ च्या जूनमध्ये मी पोस्टात जाऊन एक लाखाचं एनएससी, म्हणजे राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र, काढलं, दर ७.७ टक्के, मुदत पाच वर्षं. ऑगस्टमध्ये आईने बँकेतून एक लाखाचे आरबीआयचे फ्लोटिंग रेट (म्हणजे बदलत्या दराचे) बाँड घेतले, ८.०५ टक्के, सात वर्षं. दोन्हीच्या मागे सरकार उभं, त्यामुळे आता निवांत झोप लागणार असं मी चार लोकांना सांगूनही टाकलं.

झोप उडाली ती पुढच्या जानेवारीत. आईचा फोन टुंग वाजला, तिने चष्मा शोधला, मेसेज दोनदा वाचला आणि किचनमधूनच विचारलं, "माझं व्याज आलं, तुझं किती आलं रे?"

माझं काहीच आलं नव्हतं. मी आपलं ७,७०० भागिले १२ करून महिन्याला साधारण ६४२ असा हिशोब मनात धरून बसलेलो, आणि पासबुकात तर एकच ओळ, ज्या दिवशी पैसे भरले तीच. शेवटी पोस्टात जाऊन विचारलं. काउंटरवरच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "अहो, ते वर्षाला वाढतं, पण मिळतं शेवटीच." घरी येऊन हे सांगितलं तर आई म्हणाली, "म्हणजे वाढतंय हे त्यांनी सांगायचं आणि आपण मानायचं."

जुलैमध्ये तिला पूर्ण सहामाहीचे ४,०२५ आले (जानेवारीत ऑगस्टपासूनचेच होते, म्हणून कमी). मग मात्र मी इरेला पेटलो. कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलं आणि तिला समोर बसवून चक्रवाढ शिकवायला घेतली. पहिल्या वर्षाचे ७,७००, ते मुद्दलात जाऊन बसले की दुसऱ्या वर्षी व्याज १,०७,७०० वर, म्हणजे ८,२९२ आणि वर नव्वद पैसे, तिसऱ्या वर्षी ८,९३१, चौथ्या वर्षी ९,६१९, पाचव्या वर्षी १०,३५९. रुपयाच्या खालचे सुटे पैसे मी सोडून दिले होते, त्यामुळे बेरीज कॅल्क्युलेटरशी जुळेना, दोन रुपये कुठे गेले म्हणून आम्ही दोघं वीस मिनिटं शोधत होतो. शेवटी एकूण व्याज निघालं ४४,९०३. "आणि तुझे? ४,०२५ गुणिले दहा सहामाह्या, ४०,२५०! तुझा दर जास्त, पण व्याज माझं जास्त. याला म्हणतात व्याजावर व्याज."

आईने पान हातात घेतलं, वरपासून खालपर्यंत बघितलं. "आणि ते चार हजार पंचवीस मी काय उशाखाली ठेवते होय? आले की एफडी करते."

पान मी घडी घालून खिशात ठेवलं.

त्यात अजून एक गोष्ट कळली ती तर फारच लागली. तिच्या बाँडचा दर ठरतो कसा, तर एनएससीचा जो चालू दर असेल त्यात ०.३५ मिळवायचे. म्हणजे माझ्याच स्कीमच्या खांद्यावर बसून ती माझ्यापेक्षा उंच! फरक एवढाच की तिचा दर दर सहा महिन्यांनी नव्याने ठरतो, माझा घेतला त्या दिवशीचा पाच वर्षं पक्का. त्यामुळे सरकारने दर कमी करावेत अशी मी मनोमन प्रार्थना करायला लागलो, जन्मदात्या आईचं व्याज घटावं म्हणून! आणि सरकार काही हलायला तयार नाही, प्रत्येक वेळी आपलं ७.७ तेच.

खरा दणका रिटर्न भरताना बसला. सीए म्हणाला, एनएससीचं ७,७०० उत्पन्नात धरायला लागेल. मी म्हटलं, अहो पण मी अजून ते बघितलेलंसुद्धा नाही, बाजारात तुरी आणि टॅक्स कसला भरताय? तो म्हणाला, जमा होतंय ना, मग दरवर्षी दाखवलेलं बरं, नाहीतर पाचव्या वर्षी सगळं एकदम अंगावर येतं. मग जरा मऊ होऊन म्हणाला की पहिली चार वर्षं हे व्याज परत गुंतवलं असंच धरतात, त्यामुळे इन्कम टॅक्सच्या ८०सी कलमात वजावट मिळते. मला एकदम तरतरी आली.

"टॅक्सची जुनी रिजीम आहे ना तुमची?"

"नवी."

"मग नाही मिळणार."

वीस टक्क्यांचा स्लॅब, वर सेस, असे १,६०२ रुपये. न दिसलेल्या व्याजावर दिसणाऱ्या पगारातून. जेवताना आईला सांगितलं तेव्हा ती जरा गप्प झाली, मला वाटलं हसेल, पण उठली, कपाटातून पाकीट आणलं आणि मोजून १,६०२ माझ्या ताटाशेजारी ठेवले. म्हणाली, "घे, माझ्या व्याजातले आहेत."

मला भरूनच आलं. तेवढ्यात तिने हिशोबाची वही काढली, तारीख टाकली, माझं नाव लिहिलं, पुढे "उसने १,६०२" आणि चष्मा सारखा करून कंसात एकच शब्द लिहिला: चक्रवाढ.