शिवाराची हद्द कोणी आखायची?

बेळगावला फोन लावला आणि हलगा-मच्छे बायपासचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. एक, 'महाराष्ट्रात असतो तर ही वेळ आली नसती.' दुसरं, 'शहर वाढायचं म्हटल्यावर जमीन जाणारच, त्याला कोण काय करणार?' पहिलं म्हणणारे माझ्या घरातले, दुसरं म्हणणारे माझ्या वर्गातले. दोघांचंही मला पटत नाही, आणि का पटत नाही ते फोनवर धड सांगता येत नाही. म्हणून हे लिहितोय.

मी राहतो अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात, पोर्टलंडच्या पश्चिमेला हिल्सबोरोत. चिप बनवणाऱ्या कारखान्यांचं हे शहर. शहर वाढणार आणि शेत राहणार, या दोन्हींचा मेळ कसा घालायचा यावर इथल्या लोकांनी पन्नास वर्षांपूर्वी वाद घातला, कायदा केला, आणि तो वाद अजून चालू आहे. इथलं सगळं चांगलं असं मला म्हणायचं नाही. पण कोणी काय ठरवायचं, हे इथे बरंचसं स्पष्ट आहे. आपल्याकडे नेमकं तेच नाही.

आधी आपल्याकडचं. शहापूर, वडगाव, अनगोळ, जुने बेळगाव, येळ्ळूर, मच्छे या पट्ट्यातलं शिवार म्हणजे बेळगाव बासमतीची जमीन. पावसाळ्यात भात, भात निघालं की त्याच ओलीवर कडधान्य. याच पट्ट्यातून राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा बायपास आखला गेला. उभ्या पिकात जेसीबी घातले, शेतकरी आडवे झाले, प्रकरण न्यायालयात गेलं. ते सगळ्यांना माहीत आहे. त्याच शिवारातला दुसरा प्रश्न मात्र बातमीत फक्त पावसाळ्यात येतो, तो म्हणजे बळ्ळारी नाल्याचा.

माझ्या काकांचं शेत येळ्ळूर रोडला आहे. जोराचा पाऊस लागला की ते बांधावरून व्हिडिओ कॉल लावतात. रोपं पाण्याखाली, वर जलपर्णीचा हिरवा थर, आणि त्यात अडकलेल्या, शहरातून वाहत आलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या. पाणी चार-पाच दिवस उतरलं नाही की रोप कुजतं, मग दुबार लावणी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर शेत कुठलं आणि नाला कुठला तेच कळत नव्हतं. काकांनी नाला साफ करा म्हणून अर्ज दिला. एका कार्यालयाने सांगितलं, हा भाग आमच्या हद्दीत येत नाही. दुसऱ्याने सांगितलं, नाला आमच्याकडे नाही. तिसरीकडे साहेब फिरतीवर. 'नुसतं इकडनं तिकडं धाडूलालेत मला,' काका म्हणाले. त्या कार्यालयांतल्या माणसांना मी दोष देत नाही. त्यांचं प्रत्येकाचं म्हणणं कागदावर खरं असेल. पाणी एका उताराने वाहतं आणि त्या उताराचे तुकडे वेगवेगळ्या खात्यांच्या ताब्यात आहेत, दुखणं ते आहे.

बेळगावच्या वाढीबद्दल कोण काय ठरवतं ते जरा ओळीने बघा. शहराच्या आत महानगरपालिका, ५८ वॉर्डांची; तिचा आयुक्त राज्य सरकार नेमतं. शहराच्या आणि भोवतालच्या नियोजनाचा मास्टर प्लॅन बेळगाव नगरविकास प्राधिकरणाकडे, म्हणजे बुडाकडे. बुडाचा अध्यक्षही सरकारच नेमतं आणि प्लॅनवर शेवटची सही बेंगळूरुची. शेतजमीन एनए म्हणजे बिगरशेती करायची तर जिल्हाधिकारी. कॅम्प भाग कँटोन्मेंट बोर्डाकडे, म्हणजे संरक्षण मंत्रालयाकडे. बायपास आणि रिंग रोड केंद्राचे. २०१६ मध्ये पहिल्या वीस शहरांत निवड होऊन आलेली स्मार्ट सिटी योजना एका वेगळ्या कंपनीकडे. आणि वेशीबाहेर प्रत्येक गावाची आपापली ग्रामपंचायत. शहराचं पाणी येतं राकसकोप आणि हिडकलहून, कचरा जातो तुरमुरीला. म्हणजे शहर आपल्या हद्दीबाहेर कधीच पसरलंय, फक्त त्या पसरलेल्या शहराला मतदाराने निवडून दिलेला एकही धनी नाही.

निवडून दिलेल्या सभागृहाचीही काय कथा? महापालिकेची मुदत २०१९ मध्ये संपली, निवडणूक झाली सप्टेंबर २०२१ मध्ये, आणि महापौर बसले फेब्रुवारी २०२३ मध्ये. इतकी वर्षं प्रशासक. त्याआधी २००५ मध्ये आणि पुन्हा २०११ मध्ये सरकारने सभागृहच बरखास्त केलं होतं, दोन्ही वेळा सीमाप्रश्नाच्या वादातून. जिल्हा पंचायतीची मुदत २०२१ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक रखडली. ज्या काळात रिंग रोडची आखणी झाली, नवे लेआउट पडले, त्या काळात हात वर करून 'माझ्या गावाचं काय?' असं विचारायला जिल्हा पातळीवर लोकांचा माणूसच नव्हता.

इथे माझ्या घरातले म्हणतात, बघ, हे कर्नाटक सरकार. सीमाप्रश्नावर माझं मत त्यांच्यासारखंच आहे. १९५६ मध्ये जे झालं ते चुकीचं झालं, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेल्या दाव्याचा निकाल लागला पाहिजे, आणि तोवर मराठी माणसाला त्याच्या भाषेत कागद मिळाला पाहिजे, यावर मी एक पाऊलही मागे घेणार नाही. पण शिवार वाचवण्याचं उत्तर त्या दाव्यात आहे हे मला मान्य नाही. पलीकडे कोल्हापूर आहे. तिथली महापालिका १९७२ ची, आणि हद्दवाढीचा वाद तेव्हापासून चिघळत राहिला. शहर म्हणतं गावं आत घ्या, गावं म्हणतात आम्ही येणार नाही. २०१७ मध्ये तोडगा म्हणून ४२ गावांचं प्राधिकरण काढलं. तेही सरकारनेच नेमलेलं. आणि २०२० मध्ये मुदत संपल्यावर कोल्हापूर महापालिकेवरही वर्षानुवर्षे प्रशासक होता. म्हणजे उद्या निकाल आपल्या बाजूने लागला, तरी वडगावच्या बांधावरचा प्रश्न मुंबईच्या टेबलावर जाईल, एवढाच फरक पडेल.

आता ओरेगन. १९७३ मध्ये टॉम मॅकॉल गव्हर्नर असताना राज्याने कायदा केला की प्रत्येक शहराने आपल्याभोवती वाढीची रेघ आखायची. रेघेच्या आत घरं, कारखाने, रस्ते. बाहेर शेती आणि जंगल. हे राज्याचं काम. रेघ नेमकी कुठून जाणार हे सहसा राज्य आखत नाही, मोठ्या बदलाला त्याची मंजुरी मात्र लागते. पोर्टलंडच्या परिसरात ते ठरवते 'मेट्रो' नावाची संस्था. तीन काउंट्यांचा, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांचा, शहरी भाग आणि त्यातली चोवीस शहरं मिळून एक परिषद, आणि तिचे अध्यक्ष व सहा सदस्य थेट लोकांच्या मतांवर निवडून येतात. साऱ्या अमेरिकेत अशी थेट निवडलेली प्रादेशिक परिषद ही एकच. १९७९ पासून रेघ तिच्या ताब्यात आहे. पुढची वीस वर्षं घरांना जमीन पुरेल का, याचा हिशेब ठरावीक वर्षांनी मांडायचा, आणि कमी पडली तरच रेघ सरकवायची. रेघेच्या आतली गल्ली, दिवे, बाग, कुठे दुकान आणि कुठे घर, हे हिल्सबोरोचं हिल्सबोरो बघतं.

माझ्या घरापासून थोड्या अंतरावर एक रस्ता आहे. त्याच्या एका बाजूला तीन मजली घरांची रांग, दुसऱ्या बाजूला हेझलनटची बाग. मधे फक्त डांबर. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बागेचा मालक हट्टी असणार, विकत नसेल. हट्टाचा संबंध नव्हता, रेघ त्या रस्त्यावरून गेली होती. मग एके दिवशी टपालाने नोटीस आली: जवळच्या जमिनीचा वापर बदलायचा अर्ज आला आहे, सुनावणी अमुक तारखेला. मी गेलो. मला इथे मताचा अधिकार नाही, व्हिसावर आहे, तरी नाव नोंदवून बोलता आलं. प्रत्येकाला तीन मिनिटं. माझ्या आधी एक म्हातारा शेतकरी बोलला, डोक्यावरची टोपी काढून हातात धरून. त्याने भावनेचं काही सांगितलं नाही. नव्या घरांचं पावसाचं पाणी कुठल्या चरीतून कुठे जाणार, एवढंच तीन वेळा विचारलं. आणि समोर बसलेल्यांना त्याचं उत्तर द्यावं लागलं, कारण ते लिहून घेतलं जात होतं आणि त्यावर अपील होऊ शकत होतं. त्या खोलीत मला काका आठवले, हे सांगायला नकोच.

याची किंमतही आहे, आणि ती लपवली तर हा लेख खोटा ठरेल. पोर्टलंडमध्ये घरं महाग आहेत. त्याला रेघ किती जबाबदार यावर इथे अजून भांडणं होतात. रेघेबाहेरच्या जमीनमालकांना वाटतं आपल्यावर अन्याय झाला. २००४ मध्ये त्यांनी मतदानाने नुकसानभरपाईचा कायदा करून घेतला, २००७ मध्ये दुसऱ्या मतदानाने तो बराच आवळला गेला. २०१९ मध्ये राज्याने शहरांना भाग पाडलं की एका घराच्या जागी दोन-चार घरं बांधायला परवानगी द्या. शहरं चिडली. मला वाटतं राज्याने ते योग्य केलं. बाहेर पसरायचं नाही असं म्हणायचं आणि आत दाटीवाटीलाही नाही म्हणायचं, हे चालत नाही.

बेळगावसाठी मला जे सुचतं ते यातूनच. राज्याने एक कडक नियम करावा: ओलिताखालची आणि दुबार-तिबार पिकाची जमीन एनए होणार नाही. कर्नाटकाने २०२० मध्ये उलटं केलं, शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घ्यायला मोकळीक दिली. शहरालगतच्या शिवारावर त्याचा दाब यायचाच. आणि हद्द आखायचं काम शहर, कॅम्प आणि तालुक्यातली भोवतालची गावं यांच्या मिळून निवडलेल्या परिषदेकडे असावं. घटनेत जिल्हा नियोजन समिती आहे, तिच्यातले किमान चार पंचमांश सदस्य निवडून आलेल्यांतूनच यायला हवेत. पण बेळगाव जिल्हा खानापूरच्या जंगलापासून अथणीच्या उसापर्यंत, सुमारे ४८ लाख लोकांचा. बळ्ळारी नाल्याचा विषय तिथे कुठे निघणार? महानगर नियोजन समितीला दहा लाखांची वस्ती लागते, आणि २०११ च्या जनगणनेत शहर होतं ४ लाख ८८ हजारांचं. आपण दोन्हींच्या मधे सापडलोय. त्यामुळे वेगळा कायदाच मागावा लागेल.

गावांची भीती मला कळते. मराठी गाव शहराच्या हद्दीत गेलं की घरपट्टी वाढते, पंचायत जाते आणि आपला आवाजही जातो. म्हणून महापालिकेत जायला गावांचा विरोध आहे, आणि तो बरोबर आहे. पण पंचायत जशीच्या तशी ठेवून, गावांच्या स्वतंत्र मतदारसंघांतून थेट माणसं निवडून देणारी परिषद असेल, तिचे कागद मराठीतही निघत असतील, तर तिलाही नको म्हणण्याचं कारण मला दिसत नाही. आणि एक कडू गोष्ट. आपली जमीन सगळी सरकारनेच घेतली असं नाही. गुंठ्या-गुंठ्याने प्लॉट पाडून बाँड पेपरवर विकणारे आपल्याच गावांतले आहेत. माझ्या मावसभावाने असाच प्लॉट घेतला. उतारा अजून जुन्या मालकाच्या नावावर, रस्ता कागदावर पंधरा फूट आणि जागेवर पाणंद, गटार नाहीच. त्याचं सांडपाणी शेवटी शिवारातच उतरतं.

वर्गातले मित्र विचारतात, एवढं सगळं होईपर्यंत शिवार राहील का? म्हणूनच क्रम महत्त्वाचा आहे. रिंग रोडला गावागावांत विरोध चालू आहे आणि मी त्या शेतकऱ्यांच्या बाजूने आहे. पण समजा तो झालाच, तर आखणी पक्की झाल्या दिवसापासून शहर आणि रिंग रोड यांच्या मधल्या प्रत्येक शेताचा भाव प्लॉटच्या हिशेबाने बोलला जाणार. मधलं कुठलं शिवार शिवार म्हणूनच राहणार, हे मोजणीचे दगड रोवायच्या आधी ठरायला हवं आणि नकाशावर छापून प्रत्येक पंचायतीत लागायला हवं. आमदारांना, नगरसेवकांना, महाराष्ट्र एकीकरण समितीच्या नेत्यांना आणि बुडाच्या अध्यक्षांना आत्ता विचारायचा प्रश्न हाच आहे.