आरोपी की अर्जदार?

निर्वासितांवरून भारतात वाद पेटला की टोरंटोतल्या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही तो येऊन धडकतो. ‘घुसखोरांना हाकला’ म्हणणारे एकीकडे, माणुसकीची आठवण करून देणारे दुसरीकडे. दोघांनाही मला पॅट्रिक वॉर्डचा खटला सांगावासा वाटतो.

वॉर्ड उत्तर आयर्लंडमधल्या एका सशस्त्र संघटनेचा माणूस. ओलिसांवर पहारा देणं हे त्याचं काम. त्यांना ठार मारणार हे कळताच त्याने त्यांना सोडून दिलं. संघटनेने त्याला मृत्युदंड फर्मावला. ओलीस प्रकरणात तुरुंगवासही झाला. सुटल्यावर तो कॅनडात आला. तो गुन्हेगार होता, तरी त्याचं म्हणणं ऐकलं गेलं. छळ सरकारनेच केलेला असावा असं नाही, सरकार वाचवू शकत नसेल तरीही आश्रय मागता येतो, असं १९९३ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. या निकालाला मोठा आधार होता प्रा. जेम्स हॅथवे यांच्या १९९१ च्या ग्रंथाचा. ते टोरंटोच्या ऑसगुड हॉल विधी महाविद्यालयात शिकवत, पुढे अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात गेले. विषय मात्र कधी सोडला नाही.

पाश्चात्त्य देश निर्वासितांचा अभ्यासही स्वतःच्या सोयीने करतात, ही जेएनयूत अनेक वर्षं शिकवलेल्या प्रा. बी. एस. चिमनी यांची टीका मला इथे राहून जास्तच पटते. अमेरिकेतून जमिनीवरची सीमा ओलांडून आलेल्या बहुतेकांना कॅनडा परत पाठवतो, ‘आधी पोहोचलात त्या सुरक्षित देशातच आश्रय मागा’ या अमेरिकेशी केलेल्या करारावर बोट ठेवून. २०२३ पासून तर सगळ्याच सीमेवर.

पण इथे सुनावणी आहे. तोंडी सुनावणीचा हक्क १९८५ च्या सिंग खटल्यातून आला आणि त्या अर्जदारांत भारतातून आलेले शीख होते! भारताची १९५१ च्या निर्वासित करारावर सही नाही, स्वतंत्र कायदाही नाही. कागदपत्रं नसलेला माणूस कोर्टात येतो तो बहुतेकदा आरोपी म्हणूनच. परत गेलो तर मारतील, हे त्याने सांगायचं कुणाला? जगण्याचा हक्क परकीयांनाही आहे, असं भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये चकमांच्या, म्हणजे पूर्व पाकिस्तानातून अरुणाचलात आलेल्या निर्वासितांच्या, प्रकरणात बजावलं. पण ऐकून घेणारी कायदेशीर सरकारी यंत्रणा काही उभी राहिली नाही.

दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात हजारो पोलिश निर्वासित राहिले, म्हणजे आसरा देणं आपल्याला नवं नाही. महाराष्ट्रात आज मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी तीन राष्ट्रीय विधी विद्यापीठं आहेत. त्यातल्या एकाने तरी फौजदारी आणि निर्वासित कायदा एकत्र शिकवणारा प्राध्यापक नेमावा, त्याला वीस वर्षं निवांत लिहू द्यावं. म्हणजे हॅथवेंच्या ग्रंथासारखं सत्र न्यायालयातल्या वकिलाला न्यायाधीशापुढे ठेवायला काहीतरी हाताशी असेल.